टी ४६.० : हृदयाच्या औषधाचे विष आणि त्याची नोंद

रायपूरला लागून असलेल्या बीरगांवहून मी बोलतो आहे. मागच्या भागांत आपण लढाया, किल्ले, तह पाहिले. आज रणांगण नाही. आज एक आकडा आहे : टी ४६.०. इस्पितळाच्या डिस्चार्ज कार्डावर, विम्याच्या कागदावर किंवा मृत्यूच्या सरकारी आकडेवारीत हा कोड येतो. ‘हृदयाला चेतना देणाऱ्या ग्लायकोसाइड औषधांमुळे झालेली विषबाधा’ असा त्याचा अर्थ. या औषधांतले आपल्या घरांत पोहोचलेले नाव म्हणजे डिगॉक्सिन. ज्यांच्या घरी हृदयाचा जुना रुग्ण आहे त्यांनी ती बारीक गोळी पाहिलेली असेल.

आकड्याला कसला आलाय इतिहास, असे तुम्ही म्हणाल. पण माणूस विषाने गेला तर कागदावर दोन प्रश्नांची उत्तरे लिहावी लागतात. पोटात काय गेले हा पहिला. आणि ते कसे गेले हा दुसरा : चुकून, स्वतःहून, की दुसऱ्याने दिले? पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळा देऊ शकते. दुसऱ्याचे उत्तर कुठल्याही परीक्षानळीत मिळत नाही, आणि घरादाराची अब्रू, पेन्शन, विमा, कधीकधी फाशी, सगळे त्या दुसऱ्या उत्तरावर टांगलेले असते. जगाच्या रोगसूचीत या दुसऱ्या प्रश्नाला नीट जागा मिळायला फार काळ लागला.

मी डॉक्टर नाही. पण युनिटमध्ये ॲडज्युटंट म्हणून काम केलेल्या कुठल्याही अधिकाऱ्याला हा दुसरा प्रश्न चांगला ओळखीचा असतो. जवान जखमी झाला की ‘बॅटल कॅज्युअल्टी’ की ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ हे लिहावे लागते. मग कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते आणि इजा लष्करी सेवेमुळे झाली की नाही ते ठरवते. पाय तोच, मोडलेले हाड तेच, पण त्या एका ओळीवर जवानाची आणि पुढे त्याच्या बायकोची पेन्शन ठरते. मेडिकल बोर्डाने हाडाचे नाव लिहिले म्हणजे काम संपले असे फौजेत कोणी मानत नाही.

आता औषधाकडे. १७८५ मध्ये विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने फॉक्सग्लव्ह नावाच्या झाडावर पुस्तक लिहिले. या झाडाचे शास्त्रीय नाव डिजिटॅलिस. अंगावर सूज चढून, धाप लागून मरणाऱ्या रोग्यांना एक बाई घरगुती काढा देते आणि काहींना गुण येतो, असे त्याच्या कानावर आले होते. काढ्यात वीसेक वनस्पती होत्या. त्यांतली कामाची ही एकच, हे त्याने ओळखले. मग दहा वर्षे तो रोग्यांच्या नोंदी ठेवत राहिला. मला हा माणूस आवडतो तो औषधासाठी नाही, नोंदींसाठी. जे वाचले तेही लिहिले आणि जे गेले तेही लिहिले. मात्रा जास्त झाली की मळमळ, उलटी, डोळ्यांपुढे सगळे पिवळे-हिरवे दिसणे, नाडी मिनिटाला पस्तीसपर्यंत उतरणे आणि मृत्यू, ही यादी त्याने त्याच पुस्तकात दिली. म्हणजे हे औषध आणि हे विष एकाच दिवशी जगासमोर आले. दोन्हींत फरक फक्त मात्रेचा, आणि तोही थोडका. आज रक्तातले डिगॉक्सिन मोजतात ते एका मिलिलिटरमध्ये किती नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा किती अब्जावा भाग, अशा मापाने. साधारण दोनच्या वर गेले की डॉक्टर सावध होतात.

औषध आले तसा त्याचा दुरुपयोगही आला. १८६३ मध्ये पॅरिसमध्ये कुती द ला पोम्मेरे नावाच्या होमिओपॅथ डॉक्टरच्या ओळखीची एक विधवा अचानक गेली. तिच्या आयुष्याचा मोठा विमा उतरवलेला होता आणि त्याचा फायदा या डॉक्टरला मिळणार होता. पोलिसांना संशय आला, पुरलेले प्रेत बाहेर काढले. आँब्रुआझ तार्दियू हा त्या काळचा नावाजलेला न्यायवैद्यक. त्याला प्रेतात सोमल सापडेना, धातूचे कुठलेच विष सापडेना. डिजिटॅलिस ओळखण्याची भरवशाची रासायनिक चाचणी तेव्हा नव्हतीच. मग खोलीच्या लाकडी जमिनीवर सुकलेली उलटी खरवडून तिचा अर्क काढला आणि तो बेडकांना टोचला. एका बेडकाला काहीच दिले नाही, एकाला शुद्ध डिजिटॅलिन दिले, एकाला हा अर्क. शेवटच्या दोघांची हृदये सारख्याच रीतीने मंदावत थांबली. पोम्मेरेचा १८६४ मध्ये गिलोटिनवर शिरच्छेद झाला. जिथे रसायनशास्त्र गप्प बसले तिथे बेडकाच्या हृदयाने साक्ष दिली.

आपल्याकडे याच्या दहा-अकरा वर्षांनंतर उलटे घडले. ती गोष्ट मराठी माणसाच्या ओळखीची आहे : बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांची. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचा रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेयर याने नेहमीचे सरबत थोडे प्यायले आणि जीव कसनुसा झाला म्हणून उरलेले फेकले. पेल्याच्या तळाशी गाळ होता. तो मुंबईच्या सरकारी रासायनिक विश्लेषकाकडे गेला आणि सोमल निघाला. हिऱ्याच्या भुकटीचीही चर्चा झाली. थोडक्यात, पहिल्या प्रश्नाचे उत्तर चोख मिळाले. दुसऱ्यासाठी सहा जणांचे कमिशन बसले : तीन इंग्रज आणि तीन भारतीय. ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव हे ते तीन भारतीय. इंग्रजांचे मत, आरोप सिद्ध झाला. भारतीयांचे मत, सिद्ध झाला नाही. मत तीन-तीन असे फुटले तरी सरकारने मल्हाररावांना १८७५ मध्ये गादीवरून उतरवले, कारण मात्र गैरकारभाराचे दिले. पुढे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा दत्तक घेतला गेला आणि तो सयाजीराव झाला, हे आपण जाणतो. विष पक्के ठरूनही ‘कोणी दिले’ या रकान्यात काय लिहायचे हे सहा मोठ्या माणसांना ठरवता आले नाही, एवढे लक्षात ठेवा. पुढे याची गरज पडेल.

आता हा रकाना कुठून आला ते पाहू. इंग्लंडमध्ये १८३७ पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली आणि विल्यम फार या डॉक्टरने मृत्यूच्या कारणांना पद्धतशीर नावे द्यायला सुरुवात केली. तोवर एकच रोग तीन-चार नावांनी लिहिला जाई आणि बेरीज कशाचीच लागत नसे. फौजी माणसाला फारचे नाव आणखी एका कारणाने ठाऊक असावे. क्रिमियाच्या युद्धानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल सैन्याच्या मृत्यूंचे तक्ते घेऊन सरकारशी भांडली, तेव्हा आकडेशास्त्राची मदत तिला फारकडून मिळाली होती. जखमांपेक्षा टाळता येणाऱ्या रोगांनी जास्त सैनिक गेले, हे त्या तक्त्यांनी दाखवले. मृत्यूचे कारण वेगवेगळ्या रकान्यांत लिहिले नसते तर ते कधीच दिसले नसते.

१८९३ मध्ये फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियों याने मृत्यूकारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. आज जिला आयसीडी म्हणतात तिची ही सुरुवात. साधारण दर दहा वर्षांनी तिची उजळणी होत गेली. १९४८ ची सहावी उजळणी जागतिक आरोग्य संघटनेच्या हाताखाली झाली आणि तिच्यात एक मोठा बदल आला : इजा आणि विषबाधा यांना दोन-दोन कोड. एक शरीराला काय झाले याचा, दुसरा ते बाहेरून कसे घडले याचा. माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातले सर्वांत शहाणे पाऊल तेच. तरीही एक खोट राहिली. अपघात, आत्महत्या, दुसऱ्याने केलेला घात, यांतले एक निवडावेच लागे. ‘अपघात की हेतुपुरस्सर, ठरवता आले नाही’ असा वेगळा गट आला तो १९६५ मध्ये मंजूर झालेल्या आठव्या उजळणीत, आणि ती १९६८ पासून लागू झाली. म्हणजे ‘माहीत नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिण्याची सोय व्हायला बडोद्यानंतर नव्वदेक वर्षे लागली.

आणि डॉक्टरने मूळ दाखल्यात विषाची शंकाच लिहिली नाही, तर हे सगळे गट असून काय उपयोग? याचे उदाहरण पुण्या-मुंबईचेच आहे. हृदयाच्या गोळीचे ते नाही. पण निदानाचा एक शब्द खुनावर कसा पांघरूण घालू शकतो, हे इतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो.

लक्ष्मीबाई कर्वे या पुण्याच्या विधवा बाई, घरच्या सधन, मधुमेहाच्या रोगी. डॉ. अनंत चिंतामण लागू हा त्यांच्यावर उपचार करणारा विश्वासातला डॉक्टर. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री मुंबईच्या तज्ज्ञाला तब्येत दाखवायची म्हणून दोघे पुण्याहून पॅसेंजर गाडीने निघाले. पहाटे गाडी बोरीबंदरला लागली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. लागूने त्यांना जवळच्या गोकुळदास तेजपाल इस्पितळात दाखल केले, आणि दाखल करताना लोक त्यांना ज्या नावाने ओळखत ते नाव न देता दुसरेच नाव दिले. मधुमेह म्हटल्यावर इन्शुलिन वगैरे उपचार सुरू झाले. साडेअकराच्या सुमारास बाई गेल्या. कागदावर कारण पडले : डायबेटिक कोमा.

त्या वेळच्या सूचीप्रमाणे हा मधुमेहाचा मृत्यू झाला. एक नैसर्गिक मरण, एका आकड्यात एकाची भर. शवविच्छेदन व्हावे असे वरिष्ठ डॉक्टरांनी म्हटले होते. ते तेव्हा झाले नाही. प्रेत न्यायला कोणी आले नाही, कारण नातेवाइकांना काही कळवलेलेच नव्हते. बेवारस प्रेत वैद्यकीय महाविद्यालयाच्या विच्छेदनासाठी द्यायची वेळ आली, तेव्हा कुठे शंका निघाली आणि कोरोनरमार्फत उशिरा शवविच्छेदन झाले. व्हिसेरा रासायनिक तपासणीला गेला. विष सापडले नाही. झाले, पुन्हा डायबेटिक कोमाच.

इकडे पुण्यात लक्ष्मीबाईंची पत्रे येऊ लागली. मी लग्न केले आहे, जयपूरकडे राठोडी गावी राहते आहे, मला शोधू नका, अशा अर्थाची. मेलेल्या बाईची पत्रे! आणि त्यांच्या पैशांची, शेअर्सची, घरातल्या चीजवस्तूंची विल्हेवाट लागत राहिली. नातलगांनी पिच्छा सोडला नाही म्हणून चौकशी झाली, १९५८ मध्ये लागूला अटक झाली. पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले.

यात बचावाचा मुद्दा साधा आणि जोरदार होता. विषच सापडले नाही, तर विषप्रयोगाचा खून कसला? न्यायालयाने पाहिले ते असे : मृत्यूच्या वेळची लक्षणे मधुमेहाच्या मूर्च्छेशी जुळत नाहीत, प्रत्येक विष प्रेतात सापडतेच असे नाही, आणि आरोपी डॉक्टर असेल तर माग न ठेवणारे विष त्याला ठाऊक असू शकते. मग उरते ते वर्तन. खोटे नाव, लपवलेला मृत्यू, बनावट पत्रे, लुबाडलेली मालमत्ता. या सगळ्याचा एकच अर्थ निघतो असे दोन न्यायमूर्तींनी ठरवले. तिसरे, न्या. सरकार, यांना ते पटले नाही. त्यांचे मत अपील मान्य करावे असे होते. बडोद्यात विष मिळाले आणि हेतूवर मते फुटली. इथे हेतू उघडा पडला आणि विषाचे नाव आजपर्यंत कुणालाच कळले नाही. या निकालाच्या बाजूचा मी आहे, पण न्या. सरकारांचे वेगळे मतही मुलांनी वाचावे असे मला वाटते, कारण ‘सापडले नाही’ आणि ‘नव्हते’ यांतले अंतर दोन्ही बाजूंनी मोजून घ्यावे लागते.

बहुमताचा तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते मोहम्मद हिदायतुल्ला. आमच्या रायपूरच्या लोकांना हे सांगावे लागत नाही. त्यांचे शाळेचे शिक्षण रायपूरच्या सरकारी हायस्कुलात झाले, मग नागपूरचे मॉरिस कॉलेज, मग केंब्रिज. नागपूर उच्च न्यायालयाचे ते मुख्य न्यायाधीश होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली, नागपूर आणि रायपूरची जुनी सोबत सुटली आणि ते नव्या मध्य प्रदेशाचे मुख्य न्यायाधीश झाले. त्याच महिन्याच्या १३ तारखेला लक्ष्मीबाई गेल्या. नवा रायपूरमधले राष्ट्रीय विधी विद्यापीठ आज हिदायतुल्लांच्या नावाने आहे.

आता परत आपल्या आकड्याकडे. दहावी उजळणी १९९० मध्ये मंजूर झाली, १९९४ पासून देश ती वापरू लागले. आपल्या देशात मृत्यूकारणांचे वर्गीकरण तिच्यावर बेतलेले आहे. तिच्यात टी ४६ हा गट ‘मुख्यतः हृदय व रक्तवाहिन्यांवर काम करणाऱ्या औषधांची विषबाधा’ असा आहे. एखाद्या बराकीतल्या खोल्यांसारखी त्याची रचना आहे. शून्य क्रमांकाच्या खोलीत डिगॉक्सिन आणि त्याची भावंडे. एकमध्ये ॲम्लोडिपिनसारखी कॅल्शियम रोखणारी औषधे. दोनमध्ये ठोक्यांची लय सावरणारी. तीनमध्ये छातीत दुखले की जिभेखाली ठेवतात त्या जातीची. चार आणि पाचमध्ये रक्तदाबाची, सहामध्ये कोलेस्टेरॉलची, आणि असेच नऊपर्यंत. गंमत म्हणजे ॲटेनोलॉलसारखी बीटा ब्लॉकर औषधे, जी आपण हृदयाच्या गोळ्या म्हणूनच घेतो, ती या बराकीत नाहीतच. ती टी ४४.७ मध्ये, मज्जासंस्थेवर काम करणाऱ्या औषधांच्या शेजारी. वर्गीकरण करणाऱ्याने औषध कुठल्या वाटेने काम करते ते पाहिले, रोगी ते कशासाठी घेतो ते नाही.

याहून मोठी गंमत आपल्या कुंपणावर आहे. पिवळी कण्हेर. विदर्भात आणि इतरत्रही हिच्या फळाला बिट्टी म्हणतात. त्या बियांनी आपण लहानपणी खेळलो आहोत. आमच्या बीरगांवात रस्त्यांच्या दुभाजकावर आणि उरल्याच्या कारखान्यांच्या भिंतींना लागून ती भरपूर आहे, कारण धुराला आणि उन्हाला ती दाद देत नाही, आणि गाई-बकऱ्या तिला तोंड लावत नाहीत. का लावत नाहीत? तिच्यात डिगॉक्सिनच्याच कुळातली ग्लायकोसाइडे आहेत. हृदयाच्या पेशींत सोडियम आणि पोटॅशियमची ये-जा सांभाळणारा जो पंप असतो तो डिगॉक्सिन अडवते, आणि कण्हेरही तोच अडवते. लक्षणे तीच, ईसीजीवर गोंधळ तसाच, उतारा म्हणून दिली जाणारी प्रतिपिंडेही तीच चालतात. श्रीलंकेत १९८० च्या दशकात जाफना भागात कण्हेरीच्या बिया खाऊन जीव द्यायचे प्रमाण एकाएकी वाढले, आणि या उताऱ्याची चांगली चाचणी पुढे श्रीलंकेतच झाली. पण बी खाल्ली तर कोड टी ६२.२, म्हणजे खाल्लेल्या वनस्पतीची विषबाधा. गोळी खाल्ली तर टी ४६.०. हृदय एकाच रीतीने थांबले तरी आकडेवारीत हे दोन मृत्यू एकमेकांपासून कोसभर लांब जाऊन पडतात. देशात हृदय-ग्लायकोसाइडने किती लोक जातात असे कोणी फक्त टी ४६.० बघून सांगू लागला, तर त्याला पहिल्यांदा कण्हेरीचे विचारा.

पहिल्या प्रश्नाची ही तऱ्हा. दुसऱ्या प्रश्नासाठी आयसीडीत वेगळे कोड आहेत. अशी औषधे चुकून गेली तर एक्स ४४. स्वतःहून घेतली तर एक्स ६४. दुसऱ्याने घातपाताने दिली तर एक्स ८५. ठरवता आले नाही तर वाय १४. आणि पाचवी शक्यता अशी की औषध बरोबर, मात्रा डॉक्टरने सांगितली तेवढीच, वेळेवर घेतलेली, तरी शरीराला बाधले. याला आयसीडी विषबाधा म्हणतच नाही. तिथे टी ४६.० लागत नाही. हृदयाच्या लयीत जो बिघाड झाला त्याचा कोड आणि सोबत वाय ५२.०, म्हणजे उपचारात दिलेल्या औषधाचा दुष्परिणाम. हा फरक पुस्तकी वाटेल. तो एका घरात काय करतो ते मी पाहिले आहे.

इथल्या माजी सैनिकांच्या विधवांचे कागद करून द्यायला मी मदत करतो. काही वर्षांपूर्वी एक बाई आल्या. मूळ गोंदियाकडच्या, मराठी. यजमान हवालदार म्हणून निवृत्त, नंतर कारखान्यात सुरक्षारक्षक. हृदयाचा जुना आजार, डिगॉक्सिन चालू. उन्हाळ्यात चार दिवस जुलाब झाले, अंगातले पाणी गेले. डिगॉक्सिन बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांचे. ती थकली की रोजचीच गोळी रक्तात साचत जाते. त्याने एकही गोळी जास्त घेतली नव्हती. पट्टी बाईंनी जपून ठेवली होती. तारखा आणि गोळ्या मोजून जुळत होत्या. एका खासगी इस्पितळात तो गेला. रक्ताच्या अहवालात डिगॉक्सिन वाढलेले, म्हणून कागदावर आले : डिगॉक्सिनची विषबाधा. पुढचा रकाना कोरा.

विष म्हटले की पोलीस येणारच, ते त्यांचे कामच आहे. पंचनामा झाला, पोस्टमॉर्टेम झाले. घरात भांडण होते का, कर्ज होते का, गोळ्या कोण देत होते, असे सगळे त्या बाईंना विचारले गेले. गोळ्या त्याच देत होत्या. विमा कंपनीने दावा अडवला. वस्तीत दोन तऱ्हेच्या गोष्टी फिरू लागल्या : एक, नवऱ्याने जीव दिला, दुसरी मी इथे सांगत नाही. बाई मला म्हणाल्या, “साहेब, पन्नास वर्षांचा संसार. मी रोज सकाळी त्यांना गोळी हातावर दिली. आता ते गोळीला विष म्हणतात.” मी म्हटले, “ताई, पट्टी आणि चिठ्ठी घेऊन या, बाकीचे बघू.”

उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. चिठ्ठीवरची मात्रा, पट्टीवरच्या मोजलेल्या गोळ्या, क्रिएटिनिनचा अहवाल, सगळे समोर ठेवले. त्यांनी लेखी खुलासा दिला : विहित मात्रेत घेतलेल्या औषधाचा, मूत्रपिंड बिघडल्यामुळे झालेला दुष्परिणाम. पोलिसांनी फाइल बंद केली. विम्याचे पैसे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मिळाले. वस्तीतली ती दुसरी गोष्ट बंद करणारा कागद मात्र कुठल्याच दप्तरात मिळत नाही. बाई आता मुलीकडे भिलाईला असतात.

२०१९ मध्ये अकरावी उजळणी मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती अमलात आली आहे. तिची रचना वेगळी आहे. औषधाच्या अपायासाठी एक मूळ कोड, आणि त्याला औषध कोणते, कसे घडले हे सांगणारे पुरवणी कोड जोडत जायचे. दूरच्या खोल्या यामुळे जवळ येऊ शकतील, पण जोडणाऱ्याने जोडले तर.

तोपर्यंत आपल्या हातात काय आहे ते सांगतो. इस्पितळातल्या मृत्यूसाठी डॉक्टर भरतात तो फॉर्म क्रमांक ४. त्यात मृत्यूच्या कारणाच्या ओळी एकाखाली एक असतात : थेट कारण वर, आणि ज्याच्यापासून सगळे सुरू झाले ते मूळ कारण सर्वांत खाली. आकडेवारीत मोजले जाते ते खालचे. नुसते ‘हृदय व श्वसन बंद पडले’ असे लिहू नये हे डॉक्टरांना शिकवलेले असते, कारण त्याशिवाय कोणी मरतच नाही. तरी तसे लिहिलेले दाखले माझ्याकडे येतात. त्याच फॉर्मवर मृत्यूचा प्रकारही विचारलेला असतो : नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, मनुष्यवध, की चौकशी बाकी. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आहे आणि मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. ती मागून घ्या आणि इस्पितळातून निघण्याआधी वाचा. घरात कोणी डिगॉक्सिनवर असेल तर चिठ्ठी आणि चालू पट्टी एकाच डब्यात ठेवा, आणि जुलाब-उलट्या लागल्या की त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा. लहान मूल बिट्टी चघळताना दिसले तर उरलेली बी सोबत घेऊन इस्पितळात जा. काय खाल्ले ते डॉक्टरला लगेच कळेल.

मागच्या भागाखाली एकाने विचारले होते की पोम्मेरेच्या खटल्यातल्या त्या बेडकांचे पुढे काय झाले. ते मेले, साहेब. साक्षीदारांत तेवढेच होते ज्यांची उलटतपासणी झाली नाही.